इंदूवहिनींची टाकी

जबलपूरला माझा संसार सुरू झाला तो एका बादलीपासून. साताऱ्याहून आलेली ट्रंक अजून दारातच होती आणि आमचे हे टांगेवाल्याशी बोलत बाहेर उभे होते. तेवढ्यात शेजारच्या घरातून एक चाळिशीच्या बाई आल्या. पदर खोचलेला, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात मोठा पाना. नाव नाही, गाव नाही, चहाची विचारपूस नाही. म्हणाल्या, "आल्या का तुम्ही? चांगलं झालं. आधी पाणी भरून घ्या बाई, मी कॉक बंद करून राहिली."

मला काही कळलं नाही. मी तशीच उभी. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पाना दाराशी ठेवला, आमच्याच सामानातली बादली उचलली आणि सरळ आमच्या मोरीत जाऊन नळाखाली लावली. बादली भरली, कळशी भरली, कपडे ठेवायचं घमेलंसुद्धा भरलं. मग पाना उचलून म्हणाल्या, "मी इंदू देवपुजारी. शेजारीच राहते. संध्याकाळी सोडते पाणी. घाबरू नका."

त्या गेल्यावर मी ह्यांना विचारलं, "ह्या बाई नळ दुरुस्त करतात का?" हे हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "सांगेन सावकाश."

आमचे क्वार्टर्स कांचघरच्या पुढे, दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या वस्तीत होते. खाली दोन घरं, वर एक, अशी एकेक चौकट. खाली आम्ही आणि देवपुजारी, वर शर्मा म्हणून एक कुटुंब. संडासात वर भिंतीला टांगलेली बिडाची टाकी आणि तिला लोंबणारी साखळी, हे मी आयुष्यात पहिल्यांदा तिथंच पाहिलं. साखळी ओढली की धबधबा येई, मग टाकी पुन्हा भरू लागे, आत पितळी गोळा तरंगत वर येई आणि पाण्याचं तोंड दाबून बंद करी. आमची टाकी अशी शहाण्यासारखी वागायची. देवपुजाऱ्यांची टाकी भरली तरी थांबत नसे. पाणी येतच राही, जास्तीचं पाणी मागच्या भिंतीवरच्या नळीतून बाहेर गळे आणि भिंतीवर हिरव्या शेवाळाचा लांब पट्टा पडलेला असे. आणि सतत एक बारीक आवाज. सूंऽऽ. आमच्या स्वयंपाकघरातून तो ऐकू यायचा, पण कान देऊन ऐकला तरच. दोन-चार दिवसांत मी तो विसरूनही गेले.

देवपुजाऱ्यांच्या घरात मात्र तो आवाज विसरता येत नव्हता.

वहिनींचे यजमान दिगंबरराव फॅक्टरीत फिटर होते, पुढे बढती मिळून तोफगोळ्यांचे फ्यूज भरायच्या विभागात गेले होते. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात सगळीकडे लढाईची बोलणी सुरू झाली, फॅक्टरीत ओव्हरटाइम सुरू झाला, आणि त्या धांदलीत, मी जबलपूरला यायच्या आधी, एके दिवशी त्यांच्या विभागात स्फोट झाला. त्यांचा जोडीदार रामप्रसाद जागच्या जागी गेला. दिगंबरराव वाचले. हात भाजले होते ते भरून आले, एक कान कायमचा गेला. दवाखान्यातून घरी आले तेव्हा लोक म्हणाले, देवानं वाचवलं. इंदूवहिनींनी सत्यनारायण घातला.

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी विचारलं, "हा आवाज कशाचा?" वहिनी म्हणाल्या, "टाकीचा. आधीपासूनच आहे नं." दिगंबरराव उठले आणि खाटेखाली जाऊन बसले. एवढा सहा फुटी माणूस, गुडघे छातीशी घेऊन. वहिनींना वाटलं, काही शोधून राहिले असतील खाली.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही तसंच. शेजारी म्हणून वाटीभर लाडू घेऊन गेले होते. वहिनी म्हणाल्या, "या, बसा." मी बसले त्या खाटेखालून एक हात बाहेर आला आणि माझ्या साडीच्या काठाजवळ थांबला. मी दचकून उठले. वहिनी अगदी सहज म्हणाल्या, "अहो, पाहुणी आली आहे. साताऱ्याची. लाडू आणलेत तिनं." त्यांनी एक लाडू वाकून खाली दिला. तो घेतला गेला.

मला निरोप द्यायला दारापर्यंत येताना म्हणाल्या, "टाकी बंद झाली नं, की हे ठीक होऊन जातील. डॉक्टर काहीही म्हणू दे. मी पाहून राहिली रोज. मी कॉक बंद करते नं, तर बाहेर येऊन जेवतात बिचारे. पेपर वाचतात. एकदा तर दाढीसुद्धा केली."

कॉक बंद करणं एवढं सोपं असतं तर प्रश्नच नव्हता. पण तिन्ही घरांना एकाच नळीतून पाणी यायचं आणि कॉक एकच होता. देवपुजाऱ्यांची टाकी गप्प करायची तर आमचा आणि शर्मांचा नळही जाई. आम्ही दोघंच होतो, चालवून घेत होतो. वरच्या शर्मीणबाईंकडे तान्हं मूल होतं. त्या जिन्यावरून ओरडायच्या, "भाभीजी, बच्चे के पोतड़े किससे धोऊँ? आपके आँसुओं से?" इंदूवहिनी खालून तितक्याच मोठ्यानं म्हणायच्या, "ले जाओ, वो भी बहुत हैं!" आणि कॉक सोडायच्या. नंतर दोघींनी आपसात ठरवून घेतलं. दुपारी मूल झोपलं की कॉक बंद, उठलं की सुरू. त्या मुलाची झोप लांबावी म्हणून इंदूवहिनी स्वतः वर जाऊन त्याला थोपटताना मी पाहिलं आहे.

त्या टाकीबद्दल त्या नेहमी बाईमाणसासारखं बोलायच्या. "तिचं पोट भरलं नं, तरी तिला नको म्हणता येत नाही. आमच्या मोठ्या जाऊबाई अश्शाच होत्या." किंवा, "आज सकाळपासून जरा शांत आहे हो. काहीतरी डाव असेल तिचा." मी हसायचे. त्याही हसायच्या, आणि हसता हसता तोंडावर हात ठेवून आतल्या खोलीकडे पाहायच्या.

त्यांचा आवाज खडा, मोकळा होता. गणपतीत इथल्या मराठी मंडळींच्या नाटकात त्या कामं करायच्या, गायच्या. पहिल्यांदा त्यांनी उपाय म्हणून तेच करून पाहिलं. टाकी सुरू झाली की या स्वयंपाकघरातून जोरात गाणं म्हणायच्या, तो आवाज झाकला जावा म्हणून. एकदा दिगंबरराव आतून कळवळून ओरडले, "गाऊ नको इंदू! मला ऐकू दे! मला ऐकू दे!" त्या दिवसापासून त्या घरात गाणं बंद झालं. भांडीसुद्धा त्या जपून ठेवायच्या.

दुरुस्तीसाठी तक्रारी केल्याच होत्या. मी एकदा त्यांच्यासोबत वस्तीच्या दुरुस्ती-कचेरीत गेले होते. तिथला ओव्हरसियर भला माणूस होता, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "भाभीजी, मेरे सब आदमी अंदर लगे हैं. लड़ाई की तैयारी चल रही है. आपकी टंकी से पानी ही तो बह रहा है, आग तो नहीं लगी."

वहिनी म्हणाल्या, "तो टंकी निकाल के ले जाओ भैया. हम बाल्टी से कर लेंगे."

"सरकारी चीज है. मंजुरी के बिना कैसे निकालें?"

"अच्छा. और आदमी? वो भी सरकारी था. उसको तो बिगाड़ के घर भेज दिया, मंजुरी किसने दी थी?"

तो खाली पाहू लागला. त्याला राग आला नव्हता, लाज वाटली असावी. पण माणूस काही त्याच्याकडे नव्हता. बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, "चलो. आपणच करू. बाई काय शेवई करते, कुरडई करते. एवढा रबराचा वायसर काहून नाही करणार?"

आणि त्या शिकायला लागल्या. संडासात उंच स्टूल ठेवून त्यावर उभ्या राहायच्या आणि टाकीचं झाकण काढून आत नुसत्या पाहत राहायच्या, पाणी कुठून येतं, गोळा कसा चढतो, दांडी कुठे टेकते. पहिल्यांदा त्यांना वाटलं की गोळ्यातच खोट आहे. काढून हलवला तर आत पाणी खळखळलं. गोळ्याला बारीक भोक होतं, तो तरंगतच नव्हता. नवा गोळा आणायला आम्ही दोघी नेपियर टाउनला गेलो. दुकानदार म्हणाला, "बहनजी, पीतल अब कहाँ? सब तो आप ही के कारखाने में जा रहा है." मग कांचघरच्या बाजारात स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून त्यांनी जुन्या गोळ्याचं भोक डाख लावून बुजवून घेतलं. गोळा तरंगला. त्या दिवशी टाकी भरली, गोळा वर आला, आवाज कमी झाला. बंद मात्र झाला नाही.

मग पाण्याचं तोंड दाबून धरणारा वायसर. जुन्या सायकलच्या ट्यूबमधून गोल कापून बसवला. काही दिवस बरे गेले. एका सकाळी मला भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, "आली बया परत." पुढे चपलेच्या तळव्याचा वायसर केला. गोळ्याची दांडी वाकवून पाहिली. दांडी सुतळीनं वर ओढून खिळ्याला बांधून ठेवली. प्रत्येक वेळी थोडे दिवस, कधी एखादाच दिवस शांतता मिळायची, आणि मग पुन्हा ती सूंऽऽ. मी त्यांच्या दारात गेले की आता मीही आधी कान द्यायला लागले होते. आवाज असला की खाट रिकामी आणि खाटेखाली सावली. खाट मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत आणून झाली. कानात कापूस घालून झाला. इंदूवहिनी जेवणाचं ताट खाली सरकवायच्या, स्वतःही जमिनीवर बसायच्या आणि खाटेखालच्या माणसाशी घरातलं बोलत जेवायच्या. "आज वांगी चांगली मिळाली नं? सुमनच्या घरी पाहुणे येऊन राहिले म्हणे." सुमन म्हणजे मी. हे सगळं त्या इतक्या साधेपणानं करायच्या की पाहणाऱ्याला रडणंही अवघड वाटावं.

डिसेंबरात लढाई सुरू झाली. आम्ही काचांना काळे कागद चिकटवले. पहाटेपासून फॅक्टरीचे भोंगे, सायकलींच्या रांगा, माणसं घरी आली तरी डोळे मिटून जेवायची. आमचे हे ड्रॉइंग ऑफिसात होते, तेही दिवस दिवस दिसत नसत. रेडिओवर बातम्या लागल्या की सगळी वस्ती गोळा होई. देवपुजाऱ्यांकडे रेडिओ होता, पण त्यांनी तो आम्हाला देऊन टाकला होता.

अशाच एका दुपारी मी त्यांच्याकडे बसले होते. शर्मीणबाईंचं मूल झोपलं होतं, कॉक बंद होता. दिगंबरराव खाटेवर बसून चहा पीत होते. वहिनी दाराशी बसून पुन्हा एक वायसर कापत होत्या. ते बराच वेळ त्यांच्या हातांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "वायसर बदलून काही होणार नाही."

इतक्या महिन्यांत त्यांना असं सरळ वाक्य बोलताना मी ऐकलं नव्हतं. वहिनींचे हात थांबले. पण चेहऱ्यावर काही न दाखवता त्यांनी विचारलं, "काहून?"

"पाणी जिथून येतं ते तोंड. त्याच्या काठाला चरा पडला असेल. इथल्या पाण्यात चुना फार. काठ सपाट नसेल तर कितीही चांगला वायसर लाव, फटीतून पाणी येणारच."

"मग काय करू?"

"घासायचा एमरी पेपर आहे का घरी?"

होता. त्यांच्याच जुन्या हत्यारांच्या पेटीत. त्यांनी बोटभर लाकूड घ्यायला सांगितलं, त्याचं टोक सपाट करायला सांगितलं. "तिरपं राहिलं तर आणखी बिघडेल." टोकाला कागद कसा गुंडाळायचा ते त्यांनी स्वतःच्या भाजलेल्या हातांनी दाखवलं. बोटं पुरती मिटत नव्हती, पण कागदाची घडी अगदी नेमकी पडली. वहिनी संडासात स्टुलावर चढल्या. दिगंबरराव खाटेवरून उठले आणि चालत संडासाच्या दारापर्यंत आले. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. मी मागे भिंतीला टेकून होते.

"हलक्या हातानं. गोल फिरव. दाबू नको."

"हे असं?"

"अंहं. सरळ धर. कणीक मळून राहिली का तू?"

वहिनी वर तोंड करून हसल्या. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण खांदे हलताना दिसले. घासून झालं, बोट फिरवून पाहिलं, नवा वायसर बसवला. मी बाहेर जाऊन कॉक सोडला. टाकी भरू लागली. सूंऽऽ सुरू झालं. दिगंबररावांनी चौकट घट्ट धरली. पाणी वर चढत गेलं, आवाज बारीक होत गेला, आणखी बारीक, आणि थांबला.

आम्ही तिघंही हललो नाही. मागच्या भिंतीवरची नळी एकदोनदा ठिबकली आणि तीही थांबली. वरून शर्मीणबाईंच्या मुलाचं जागं होऊन कुरकुरणं तेवढं ऐकू येत होतं.

"बंद झालं," दिगंबरराव म्हणाले.

वहिनी स्टुलावरून उतरल्या, हात न धुताच स्वयंपाकघरात गेल्या आणि शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. तुपाचा वास घरभर पसरला. मला जायला देईनात. आम्ही तिघं खाटेजवळ बसून शिरा खात होतो तेव्हा दिगंबरराव आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "त्या दिवशी, स्फोटाच्या आधी, असाच आवाज येत होता."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी वाटी खाली ठेवली.

"मला वाटलं, हात धुवायचा नळ कुणीतरी उघडा ठेवला. रामप्रसादला म्हटलंसुद्धा, नल खुला रह गया है. तो म्हणाला, रहने दो. मी म्हटलं, एवढं हातातलं झालं की उठून बंद करतो." त्यांनी वाटीतला शेवटचा घास घेतला. "एवढं हातातलं झालं की."

मग वाटी वहिनींकडे देत म्हणाले, "शिरा चांगला झाला." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी घरी आले. संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "बोलले ना ते? मग आता सुटतील त्यातून." मलाही तसंच वाटलं. मी आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला कान लावून पाहिला. पलीकडे काहीच नव्हतं. फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापवत होते तेव्हा वहिनींनी दारातून हाक मारली. "सुमन, जरा येतेस?" त्या पुढे, मी मागे. दिगंबरराव खाटेखाली होते. दोन्ही हात कानांवर. "इंदू, नळ. नळ उघडा आहे."

वहिनी मला संडासात घेऊन गेल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "तू सांग. मला वाटते माझेच कान गेले." मी ऐकलं. काही नव्हतं. त्यांनी टाकीचं झाकण काढलं होतं. मी स्टुलावर चढून पाहिलं. पाणी स्थिर होतं, गोळा जागेवर होता. नळीला हात लावला, नळी मुकी होती. बाहेर जाऊन मागची भिंत पाहिली, शेवाळाचा पट्टा कडेनं वाळायला लागला होता.

मी परत आत आले आणि मान हलवली. इंदूवहिनी स्टुलावर हात ठेवून उभ्या होत्या. एवढे महिने त्या बाईनं स्वतःला एकच गोष्ट सांगितली होती, टाकी बंद झाली की हे ठीक होतील. आतून पुन्हा हाक आली, "इंदू!" त्या म्हणाल्या, "हो हो. आली. करून राहिली बंद."

त्यांनी पाना घेतला, स्टुलावर चढल्या आणि चांगल्या चाललेल्या टाकीच्या बिडावर पान्यानं ठोकायला लागल्या. ठक, ठक. थोडं थांबून पुन्हा ठक, ठक. मग मोठ्यानं म्हणाल्या, "झालं बघा! बंद केला!" आतली कुरकुर थांबली. थोड्या वेळानं खाट करकरली. ते वर येऊन बसले होते.

त्यानंतर हेच रोजचं झालं. कधी सकाळी, कधी जेवणाच्या मध्येच. हातातला घास टाकून त्या जायच्या, ठोकायच्या, परत येऊन जेवायला बसायच्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी दिगंबररावांना नुसती झोप यायची आणि झोपेत ते नळ नळ म्हणायचे. लढाई संपली. वस्तीत पेढे वाटले गेले, सायकलींना झेंडे लावून माणसं फिरली. शर्मीणबाई मुलाला कडेवर घेऊन खाली आल्या आणि वहिनींच्या तोंडात पेढा घालताना एकदम रडायला लागल्या. वहिनींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "अरे, रोती क्यों है? अब तो पानी आता है ना दिनभर?"

मग पुष्कळ दिवसांनी दुरुस्ती-कचेरीतून एक मिस्त्री आला. माणसं आता मोकळी झाली होती. त्यानं टाकी पाहिली, साखळी ओढली, भरू दिली. म्हणाला, "माताजी, ये तो एकदम बढ़िया है. शिकायत क्या थी?"

वहिनी म्हणाल्या, "टंकी की कोई शिकायत नहीं है, भैया. चाय पी के जाओ."

त्या टाकीवर ठोकण्यानं पुढे पुढे भागेना. आधी अर्धा दिवस पुरायचं, मग तासभर, मग त्या स्टुलावरून उतरायच्या आतच आतून हाक यायची. दिगंबररावांना कामासाठी अपात्र ठरवलं गेलं. नोकरी गेली की क्वार्टरही सोडावं लागतं. मूलबाळ नव्हतं. छिंदवाड्याला वहिनींचे भाऊ होते, त्यांनी या म्हटलं. निघायच्या दिवशी मी डबा करून दिला, आम्ही दोघं स्टेशनवर पोचवायला गेलो. छोट्या लाइनीची गाडी, खिडकीशी दिगंबरराव, शेजारी वहिनी. पुढे वाफेच्या इंजिनाचा फुसकारा ऐकून ते बाकाखाली शिरले. डब्यातली माणसं वाकून पाहू लागली. वहिनींनी आपली शाल बाकावरून खाली सोडली, पडद्यासारखी, आणि मला म्हणाल्या, "जा तू आता. गाडी सुटेपर्यंत नको थांबू."

त्या पुढच्या वर्षी ह्यांच्या एका स्नेह्याच्या मुलाच्या मुंजीसाठी आम्ही छिंदवाड्याला गेलो, तेव्हा मी एक दुपार काढून त्यांच्याकडे गेले. भावाचं घर बैठं, मागे अंगण, अंगणात विहीर. पाणी सगळं दोरानं ओढायचं. घरात नळ नव्हता, त्या गल्लीतही कुठे नव्हता. मला बघून वहिनींना आनंद झाला. केस खूप पिकले होते. दिगंबरराव मागच्या खोलीत चटईवर बसले होते. त्यांनी मला ओळखलं, "साताऱ्याचे लाडू," असं म्हणालेसुद्धा. मला बरं वाटलं. मी जबलपूरच्या गोष्टी सांगू लागले, शर्मांचं मूल बोलायला लागलं, क्वार्टर्सना नवा रंग दिला.

मध्येच दिगंबरराव म्हणाले, "इंदू, नळ."

"हो, ऐकला मी," वहिनी म्हणाल्या. "बंद करून येते." त्या उठल्या, मागच्या अंगणात गेल्या. दारातून मला दिसत होत्या. विहिरीपासून दूर, मोकळ्या जागेत त्या नुसत्या उभ्या राहिल्या. हातात पाना नव्हता, ठोकायला काही नव्हतं. दिगंबरराव दाराकडे डोळे लावून शांत बसले होते, जबलपूरला मी कधी पाहिलं नव्हतं इतके शांत. काही वेळानं त्या परत आल्या. "झाला बंद." दिगंबररावांनी मान डोलावली.

निघताना त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या. मी म्हटलं, "वहिनी, ठोकण्यापेक्षा हे बरं आहे. तुम्हालाही ऐकू येतं म्हटलं की त्यांना धीर येतो."

"हो नं. एकटेच ऐकून राहिले होते इतके दिवस." त्यांनी माझ्या हातात हळदीकुंकवाची पुडी ठेवली, माझी मूठ मिटली आणि ती तशीच धरून ठेवली. "सुमन, एक सांगू? कुणाला बोलू नको. आधी मी त्यांच्यासाठी म्हणायची. खोटंच. आता मी अंगणात जाऊन उभी राहते नं, तर मला खरंच येते ऐकू. बारीक येते, पण येते. कुठून येते ते शोधते मी. चारी बाजूंनी फिरून पाहते."

आतून हाक आली. त्यांनी माझी मूठ सोडली, "जा बाई, तुला उशीर होऊन राहिला," म्हणाल्या आणि घाईघाईनं आत गेल्या.